व्यायला आलेली घोडी आणि एक फळी

फेब्रुवारीतली गोष्ट. मावळातल्या आमच्या पागेत एका घोडीच्या सडांच्या टोकांना मेणासारखे थेंब जमलेले सकाळी दिसले. म्हणजे आज-उद्याची रात्र. घोड्या बहुधा रात्रीच व्यातात, माणसांची वर्दळ थांबल्यावर.

काळजी होती ती तिच्या ठाणाची, म्हणजे ती राहते त्या खणाची. फाटक पाइपचं, खाली वीतभर मोकळं. घोडी येरझाऱ्या घालते, पुढच्या पायाने उकरते आणि खाली अंथरलेला पेंढा फाटकाखालून बोळात येतो. एरवी हा खर्चाचा आणि झाडलोटीचा प्रश्न. पण कळा लागल्या की ती जास्तच उकरणार, आणि खाली शहाबादी फरशी. शिंगरू तासाभरात उभं राहायला धडपडतं; ओल्या फरशीवर पाय फाकले तर सांधाच दुखावायचा. लाकडाचा भुसा स्वस्त असतो, पण व्यायच्या ठाणात मी तो घालू देत नाही. ओल्या पिल्लाच्या नाकपुड्यांना चिकटतो. तिथे भाताचा पेंढाच हवा, गुडघाभर, भिंतींकडे चढता.

"दादा, सिमेंटचा उंबराच घालू की," मोतद्दार मामा म्हणाले. पण सिमेंट वाळायला वेळ कुठे होता? शिवाय उंबऱ्याआड मूत साचतं, त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, खुरांना सड लागते.

मग दोन्ही खांबांना आतून लोखंडी चॅनल ठोकले आणि त्यांत दोन इंच जाडीची, फूटभर उंचीची फळी वरून सोडली. फळीला खिळा एकही नाही. घोडी आत-बाहेर करताना फळी उचलून बाजूला ठेवायची, नाहीतर ती अडखळते. खाली अर्धा इंच फट ठेवली. मूत निघून जातं, पेंढा अडतो, पिल्लाचं खूरही त्यात शिरत नाही. फळीच्या वर पाइपांमधून पाय जाऊ नये म्हणून खडी क्रशरचा जुना रबरी पट्टा भंगारातून आणला आणि आतून बोल्टने बसवला, गोल डोकी आतल्या बाजूला. कापलेल्या कडेचे नायलॉनचे धागे मात्र जाळून टाकले. घोडी कुरतडत बसली आणि ते पोटात गेले तर आतड्यात गोळा होतो.

मध्यरात्रीनंतर पाणमोट फुटली. आधी बराच वेळ तिने इतकं उकरलं की पेंढ्याचा ढीग फळीला येऊन टेकला, पण पलीकडे गेला नाही. अर्ध्या तासाच्या आत शिंगरू बाहेर आलं. दोनदा कोलमडलं, पेंढ्यात बसलं, तिसऱ्यांदा चारही पायांवर उभं राहिलं आणि आईच्या कासेकडे न जाता भिंतच चोखू लागलं! मामांनी त्याला हलकेच वळवलं. वार, म्हणजे पोटात पिल्लाभोवती असलेलं आवरण, पहाटेआधी पडली. पसरून पाहिली, अख्खी होती, तुकडा आत राहिला नव्हता.

बाकीच्या ठाणांना मामांनी आठवड्याभरात फळ्या बसवल्या. तिथे शिंगरं नाहीत, म्हणून पट्टा लावला नाही. पावसाळ्यात फळ्या अधूनमधून काढून उन्हात टाकाव्या लागतात, कारण खालची कड कुजते.