रानवाटांसाठी घोडी : दुसऱ्या भेटीपर्यंतची नोंद

आसपासच्या विक्रेत्यांकडची चार जनावरं बघून झाली, यादीत आता एकच तांबडी घोडी उरली आहे. बाकीची तीन का गळाली ते आधी. पहिल्याच्या पाठीवर, आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके होते. न बसणाऱ्या खोगिराने घासून झालेल्या जुन्या जखमांची ही खूण. नुसते केस असते तर चाललं असतं, पण तिथे बोटांनी दाबताच घोड्याने पाठ खाली ओढून घेतली. दुसऱ्याच्या पुढच्या दातांच्या कडा झिजलेल्या, म्हणजे गव्हाणीची कड धरून हवा ओढायची सवय. तिसऱ्याचे तंगाखालचे, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याखालचे, केस भेटीआधीच घामाने ओले होते. गिऱ्हाईक येण्यापूर्वी जनावर दमवलं की बुजरेपणा झाकला जातो आणि आखडलेले पाय मोकळे होतात. तेव्हा सकाळपासून न फिरवलेला घोडाच दाखवा, हे आधीच बोलून घ्यावं.

आता घोडी. विश्रांतीत नाडी मिनिटाला ३८ (२८ ते ४४ ठीक), श्वास १२. वय नऊ सांगितलं, पण वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीलगत उभी खाच नुकतीच दिसू लागली आहे. ही खाच साधारण दहाव्या वर्षी उगवते, त्यामुळे दहा-अकरा धरून चालायचं. या कामाला हे वय उत्तमच.

वजन टेपने काढलं. छातीचा घेर १७२ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५५. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८७७ : म्हणजे ३८६ किलो. पाठीवरचा भार त्याच्या २० टक्क्यांत ठेवायचा, तर ७७ किलो. खोगीर आणि सामानाचे १४ किलो गेले की स्वारासाठी ६३ उरतात. हा हिशेब पुष्कळ जण करतच नाहीत आणि मग घोड्याची पाठ बसते.

सर्वांत जास्त वेळ पायांवर घालवला. कडक सपाट जमिनीवर दुडकी पळवताना दोरी सैल हवी. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. दोरी तोंडाशी घट्ट धरली तर हे दिसतच नाही. घोडी सरळ चालीत लंगडली नाही. मग पुढचे दोन्ही खूर टेपने मोजले. एक अरुंद आणि उभट निघाला असता, तर त्या पायावर ती बराच काळ कमी भार टाकते आहे अशी शंका घ्यावी लागली असती. दोन्ही सारखे निघाले. मागच्या उजव्या खुराच्या तळाच्या खाचेत मात्र काळा, कुजका वास येणारा चिकटा होता. रोज साफसफाई आणि कोरडी जागा मिळाली तर हा बरा होतो, पण तबेला ओला राहतो हेही त्यातून कळलं.

स्वारी आधी विक्रेत्याने केली. विक्रेताच चढायला कचरत असेल तर तिथूनच परतावं. रानवाटेच्या घोड्याची परीक्षा भरधाव पळण्यात होत नाही. तो एकटा तबेल्यापासून दूर जातो का, स्वार चढेपर्यंत स्थिर उभा राहतो का आणि उतारावर मागच्या पायांवर भार घेऊन सावकाश उतरतो का, हे बघायचं. घोडी फाटकाशी दोनदा अडली, तिसऱ्यांदा गेली. परतताना मात्र चाल वाढवून लगाम ओढत होती. ही सवय मोडते, पण त्यात काही महिने जातात.

बाकी कामं : पशुवैद्याकडून खरेदीपूर्व तपासणी, आणि त्याच वेळी रक्ताचा नमुना काढून राखून ठेवणं. वेदनाशामक देऊन लंगडेपणा लपवला असेल तर पुढे तोच पुरावा ठरतो. पशुवैद्य आपला निवडावा, विक्रेत्याचा नेहमीचा नको. तिसऱ्या भेटीत उथळ ओढा पार करणं, मागून येणारी सायकल आणि गाडीत चढणं, एवढं बघायचं आहे.