उसाची ट्रॉली नाही, अण्णा

शनिवारी सकाळी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी सॅन होजेमधल्या घरासमोर गाडीखाली आडवा होतो. अण्णांचं अख्खं आयुष्य कराडला गाड्यांचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दुरुस्त करण्यात गेलेलं. ऊसवाले येणार, "जादा पाटा चढवा, गाडी मागनं बसतीय" म्हणणार, अण्णा चढवणार. त्यांच्या मुलाने पैसे घालून गाडी खाली बसवायची, हे त्यांना काही केल्या पटेना. "लेका, चांगली उभी गाडी. तिला काय झालंय?"

गाडी म्हणजे १९७५ची शेवरलेट सी-१०, चौकोनी तोंडाची, टू-व्हील ड्राइव्ह. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर तपासणी लागत नाही, म्हणून मी हेच वर्ष धरून बसलो होतो. या पिकअप कंपनीतूनच मागे उंच येतात, माल भरला की सरळ व्हाव्यात म्हणून. माझ्या गाडीत माल म्हणजे महिन्यातून एकदा मातीची चार पोती. एरवी ती कायम कुणाला तरी ढुशी द्यायला निघाल्यासारखी दिसायची.

पुढची बाजू स्वस्तात उतरवायची तर कॉइल स्प्रिंग कापायची, असं प्रत्येक जण सांगतो. अर्धा वेढा कापला की गाडी बसते, खर्च शून्य. पण कापलेली स्प्रिंग आधीपेक्षा कडक होते आणि खड्ड्यात दबायला जागाही कमी उरते. काही महाभाग तर गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. हे ऐकून अण्णा मात्र ताडकन म्हणाले, "तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं. मग ती स्प्रिंग राहात नाही, नुसतं वाकडं लोखंड राहातं."

म्हणून मी ड्रॉप स्पिंडल घेतले. चाक ज्या दांड्यावर फिरतं तो दांडा यात अडीच इंच वर असतो. चाक तेवढं वर गेलं की गाडी तेवढीच खाली येते, स्प्रिंगला हातही लावावा लागत नाही. फक्त चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मखाली जॅक पक्का हवा. आर्म आणि स्पिंडल जोडणारा बॉल जॉइंट सुटल्यावर जॅक सरकला तर ती दबलेली स्प्रिंग काय करेल, याचा विचार करूनच मी शेजाऱ्याकडून दुसरा जॅकही मागून आणला.

आणि इथेच मी माती खाल्ली. या गाड्यांत पुढची ब्रेक डिस्क दोन जाडीची येते, एक इंच आणि सव्वा इंच, आणि स्पिंडल त्याप्रमाणे वेगळे लागतात. मी न मोजता सव्वाचे मागवले. चाक काढून व्हर्नियर लावला तर माझी डिस्क एक इंची! परत पाठवायला चाळीस डॉलर गेले. लोखंडच ते, वजनाला काय कमी? दहा मिनिटांचं माप आधी घेतलं असतं तर ते चाळीस शॉकअपला कामी आले असते.

मागे पाटे. आपल्याकडे जीपला लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक धरणारी झुलती कडी, लावला की जीप उंच होते, पण इथे उलटं आहे. मागचा शॅकल हँगरपासून, म्हणजे चासीवरच्या ब्रॅकेटपासून, वरच्या दिशेला जातो, म्हणून तो लांब केला की पाट्याचं टोक वर आणि गाडी खाली. शॅकलचे दोन इंच, पुढच्या हँगरचे दोन, मिळून चार. अॅक्सल पाट्यांच्या वर घेतला तर सहाएक इंच उतरते, पण मग चासीला खाच पाडावी लागते. वेल्डिंग माझ्या हातचं नाही.

शॅकल तासाभरात बसले. हँगरने मात्र दोन रविवार खाल्ले, कारण तो नटबोल्टने नाही, रिव्हेटने चासीला ठोकलेला. डाव्या बाजूला ग्राइंडरने रिव्हेटची डोकी उडवली. उजव्या बाजूला चासीच्या बाहेरच पेट्रोलची टाकी, तिथे ठिणग्या उडवायची माझी छाती झाली नाही. आधी टाकी उतरवली, दूर अंगणात नेली, मग पंच मारून ड्रिल, आणि उरलेलं छिन्नीने. एक रिव्हेट तर चाळीस मिनिटं हलेना. अण्णा तिकडून सांगत होते, "सरळ नको, तिरकं मार." तिरकं मारलं, निघालं. आतली बाजू आरशासारखी चकचकीत होती, पन्नास वर्षं तिला हवाच लागली नव्हती.

पलीकडच्या घरातले मेक्सिकन आजोबा खुर्ची टाकून बघत बसले होते. स्टोरी आणि किंग रोडच्या चौकात त्यांनी तरुणपणी लोरायडर, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेल्या गाड्या, फिरवलेल्या. १९५८पासून कॅलिफोर्नियात गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली आणायला बंदी होती, ती २०२४च्या १ जानेवारीला उठली. माझी गाडी त्या मर्यादेच्या जवळपासही नाही हे बघून आजोबांनी नुसता हात हलवला. म्हणजे, अजून बरंच बाकी आहे.

चाकं सरळ लावून देणाऱ्या अलाइनमेंटवाल्याने वरच्या आर्मच्या शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, इकडच्या तिकडे केल्या, ऐंशी डॉलर घेतले. एकूण खर्च सहाशेच्या आत, चाळीसचा दंड धरून.

दोन आठवड्यांनी चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप लावला. ड्रायव्हरची बाजू पाव इंच खाली. जुनी स्प्रिंग दमली असणार. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "स्प्रिंगला कशाला नावं ठेवतोस, आधी ड्रायव्हरचं वजन कर."