बोटांखालची थरथर

जूनमधला तो मंगळवार डोक्यातून जात नाही. अकराला मला वर ऑफिसात बोलावलं होतं. कशासाठी ते आधीच कानावर आलं होतं: युनिटची इन्चार्ज, पगारवाढ, केबिन. सुई हातात धरायचं कामच उरणार नव्हतं.

वडोदऱ्यात मी 19 वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. लोकांना मशीन दिसतं, खरं काम बोटांचं. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडून केलेली वाट. तिच्यावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. ती कुठे दाट आहे, कुठे पातळ, शीर कुठे वळते, हे चाचपून दोन जाड सुया लावायच्या. एकीतून रक्त मशीनकडे, दुसरीतून परत. सारखं एकाच जागी टोचलं की शीर तिथे फुगते. नवी मुलं तरी तिथेच टोचतात, कारण तिथे सोपं जातं. त्यांना थांबवायला कोणाला वेळ नसतो.

दांडिया बाजारचे एक आजोबा दुसऱ्या शिफ्टला आले. "सिस्टर, आज तुम्हीच लावा." बोटं ठेवली. काहीच नाही. स्टेथोस्कोप लावला, तिथेही शांत. आदल्या खेपेला मशीनने घाईने अंगातलं जास्त पाणी ओढलं होतं, बीपी पडलं होतं, आणि रात्री ते त्याच हातावर डोकं ठेवून झोपले होते. मी सुई लावलीच नाही. डॉक्टरांना फोन, सर्जनला फोन. वरून तीनदा निरोप आला. दुपारीच गुठळी काढली, फिस्टुला वाचला. गेला असता तर डायलिसिससाठी मानेत नळी, आणि नवा फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने.

एकला मी वर गेले आणि नको म्हणून सांगितलं.

चर्चमधल्या मावशींनी मालकाने दिलेली ठेव न वापरता जमिनीत पुरणाऱ्या चाकराचा बायबलमधला दृष्टान्त ऐकवला. मुलाची इंजिनिअरिंगची फीही काढली. पण माझी ठेव बोटांतच आहे, केबिनमध्ये तीच पुरली गेली असती. नवरा एवढंच म्हणाला, "तुला झोप लागते ना?" लागते.

वडील नेहमी सांगायचे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. पण ते मोठ्या कामासाठी बाहेर पडले, मी तर होते तिथेच राहिले. मला धीर येतो तो बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या एका शब्दाने. कैदेतून फिलिप्पैकरांना लिहिताना, असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी 'शिकलो', असं तो म्हणतो. म्हणजे त्यालाही ते आपोआप आलं नव्हतं.

इन्चार्ज आता माझ्याहून सात वर्षांनी धाकटी सिस्टर झाली. तिने मला सलग दोन रविवार इमर्जन्सी ड्यूटी लावली, चर्चमधलं प्रभुभोजन चुकलं. घरी येऊन मी रडले. प्रभुभोजन चुकलं म्हणून, की ते रोस्टर माझ्या हाती असू शकलं असतं म्हणून? रात्रीच्या प्रार्थनेत सध्या तेवढंच विचारते.