हिल टॉपमधलं न कापलं जाणारं हॅम

इंग्लंडमधलं विंडरमिअरचं तळं फेरीबोटीतून ओलांडायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण बोनेसच्या काठावर गाड्यांच्या रांगेत आमचा पाऊण तास गेला आणि निअर सॉरी या गावी पोचलो तोवर बिअट्रिक्स पॉटरच्या हिल टॉप या घराच्या तिकिटावरची वेळ टळून गेली होती. दारातल्या आजींनी आमच्याकडे, मग भिजलेल्या पोराकडे बघितलं आणि तासाभरानंतरच्या गटात घुसवलं. मधला वेळ शेजारच्या टॉवर बँक आर्म्स या पबमध्ये, चहावर.

प्राण्यांच्या गोष्टी लिहून त्यांची चित्रंही काढणाऱ्या या बाईंच्या घरी लोक पुस्तकांसाठी येतात. मी आले होते एका सिनेमासाठी. १९७१ चा 'टेल्स ऑफ बिअट्रिक्स पॉटर'. लंडनच्या रॉयल बॅलेचे नर्तक ससे, उंदीर, डुकरं, बदकं होऊन नाचतात. संवाद एकही नाही. जॉन लँचबेरीने एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या चालींवरून बांधलेलं संगीत, बाकी सगळं अंगाने सांगायचं. चेहरा तर दोबुझिन्स्की या कलाकाराने बनवलेल्या मुखवट्यात पार बंद.

आदल्या रात्री भाचीच्या सहा वर्षांच्या लेकाला तो लॅपटॉपवर दाखवला. जेरेमी फिशर बेडूक गुडघे फाकवून उड्या मारायला लागला तेव्हा पोरगं खिदळत होतं, पण मिसेस टिगी-विंकल आल्यावर गप्प झालं. ही हेजहॉग, म्हणजे काटेरी अंगाचा छोटा प्राणी, आणि धंद्याने परटीण. तुरुतुरु चालते, कंबर हलवते, इस्त्री करते. "मावशीआजी, ही बाई आहे की बुवा?" बुवा. त्यातही साधासुधा नाही, सिनेमाचे सगळे नाच बसवणारा फ्रेडरिक अ‍ॅश्टन स्वतः, पासष्टी ओलांडलेला. मला लहानपणी मोखाड्याला बघितलेला बोहाडा, मुखवटे घालून नाचायचा तो उत्सव, आठवला. तिथेही सोंगाचं तोंड दिसत नाही. संबळ वाजायला लागला की कोण देव आणि कोण राक्षस ते पावलांवरून कळतं.

आमचा नंबर लागला. घर अंधारं, छत बुटकं, पाट्या जवळपास नाहीतच. बाकीचे लोक जुन्या घड्याळाचे नि चुलीचे फोटो काढत होते. मी शोधत होते बाहुलीघर. वरच्या मजल्यावर सापडलं, आणि त्यात ते हॅम, डुकराच्या मांसाचा खोटा तुकडा! बोटाच्या पेराएवढं, गुलाबी, ताटलीला घट्ट चिकटलेलं. शेजारी लाल लॉबस्टर. पॉटरबाईंच्या १९०४ च्या 'टू बॅड माइस' या पुस्तकात दोन उंदीर हेच जेवण कापायला जातात, ते प्लास्टरचं निघतं, आणि मग रागाने फोडाफोडी. चित्रांसाठी नमुना म्हणून हे सामान पाठवलं होतं पॉटरबाईंच्या संपादकाने, नॉर्मन वॉर्नने. १९०५ च्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न ठरलं आणि महिन्याभरात तो ल्युकेमियाने गेला. त्याच वर्षी बाईंनी हिल टॉपचं हे शेत घरासकट विकत घेतलं.

सिनेमात हे सगळं माणसाएवढ्या उंदरांच्या मापाने मोठं केलंय. ठेंगण्या चणीचा नर्तक वेन स्लीप त्यातला टॉम थम हा उंदीर होऊन त्या हॅमवर तुटून पडतो तेव्हा ते जेवण चांगलं भरभक्कम दिसतं. इथे ते काचेमागे, तिळाएवढं. मला वाटलं होतं, खरी वस्तू बघून सिनेमा फिका पडेल. झालं उलटं. मान वाकवून, डोळे बारीक करून बघावं लागणाऱ्या या भातुकलीवर एवढा थयथयाट बसवायचा म्हणजे कमालच. डुकरांचा नाच मात्र लांबलाय, हे माझं मत इथे येऊनही बदललं नाही.

बाहेर आलो. जेमायमा बदकीण अंडी लपवते तो रुबाबचा वाफा बघितला. म्हणजे रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीचा, आमचं पोरगं त्याला रुबाबच म्हणत होतं.

परतीच्या फेरीबोटीला पुन्हा रांग. पाऊस थांबलेला. भाची तिकिटाचे पैसे काढत होती आणि पोरगं ओल्या रस्त्यावरून तुरुतुरु, कंबर हलवत, हातातला माझा रुमाल घडी घालून इस्त्री करत चाललं होतं. मागच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काच खाली केली आणि म्हणाले, "गुड आफ्टरनून, मिसेस टिगी-विंकल."