वेताळाची गोष्ट पुन्हा सांगताना

वडिलांनी बाइंडिंग करून ठेवलेले इंद्रजाल कॉमिक्सचे दोन गठ्ठे दादरच्या घराच्या माळ्यावर होते. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत भाची राहायला आली, तेव्हा ते खाली काढले. ती अकरा वर्षांची. तिच्याबरोबर बिल्डिंगमधली आणखी चार मुलं जमली. दर शनिवारी पाच वाजता, आमच्या हॉलमध्ये, सतरंजीवर.

पहिला शनिवार फुकट गेला. मी मोठ्या कागदावर वेताळाची, म्हणजे या कॉमिक्समधल्या मुखवटाधारी नायकाची (इंग्रजीत फँटम), सगळी वंशावळ काढून ठेवली होती. १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटलं, एकटा तरुण वाचून किनाऱ्याला लागला, वडिलांच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. आताचा एकविसावा. दहा मिनिटांत मुलांची चुळबुळ सुरू झाली. प्रश्न पडायच्या आधीच मी उत्तर देऊन बसलो होतो.

पुढच्या शनिवारी कागद गुंडाळून कपाटामागे ठेवला आणि मधलीच एक गोष्ट काढली. त्यात सगळे गुंड म्हणतात, हा माणूस मरतच नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलानं विचारलं, "काका, पण तो म्हातारा का होत नाही?"

"गुंडांनाही तेच कळत नाहीये," एवढंच म्हणालो आणि पान उलटलं.

आठवडाभर त्यांचे तर्क चालले. भूत आहे, रोबो आहे. भाची म्हणाली, "मामा, ते एकाहून जास्त असतील." मग तिसऱ्या शनिवारी शपथेचं पान समोर ठेवलं. कोणी बोलेना. थोड्या वेळानं भाचीनं पेन्सिल घेतली. लेखक ली फॉक यांची कॉमिक स्ट्रिप वर्तमानपत्रात सुरू झाली १९३६ साली, हे मी सांगितलं होतं. चारशे वर्षं, वीस वेताळ. "म्हणजे एकेकाला वीसच वर्षं मिळाली?" ती म्हणाली. "म्हणजे सगळे लवकरच गेले." इतकी वर्षं वाचूनही हा हिशेब मी कधी केला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला.

खरी अडचण पुढेच होती. घनदाट जंगल, त्यातले बुटके बांदर लोक, आणि सगळ्यांच्या वर एक गोरा माणूस. "त्यांच्यातलाच कोणी वेताळ का नाही?" हा प्रश्न येणारच होता, आणि रास्तच होता. ती पानं वगळावीत असं एकदा मनात आलं. मन धजावलं नाही.

मार्ग त्या जुन्या अंकांनीच दाखवला. मूळ स्ट्रिपमध्ये देशाचं नाव बेंगाली आणि चाचे सिंग. आपल्याकडच्या वाचकाचा यानं घोळ झाला असता. १९६४ साली टाइम्स समूहानं मुंबईतून इंद्रजाल सुरू केलं. त्या अंकांत देश डेंकाली झाला आणि चाचे सिंगा. अडखळायला लावणारं तेवढं बदललं, शपथ तशीच ठेवली. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे आली तीच दुरुस्त होऊन.

मग मी एका पानाची नवी ओळख लिहिली. तीनदा खोडली. चौथ्यांदा सुरुवात जहाजापासून न करता किनाऱ्यापासून केली: विषारी बाणांमुळे ज्यांच्या वाटेला कोणी जात नाही त्या बांदर लोकांना वाळूत एक अर्धमेला परका सापडतो, आणि त्याला जगवायचं असं ते ठरवतात. यातलं काहीही माझ्या पदरचं नाही, मूळ कथेत आहेच. फक्त सांगणारा बदलला. मुखिया गुरान हा वेताळाचा बालमित्र, तोही मग नोकर वाटेनासा होतो. गोऱ्या राजाची कल्पना त्या काळातल्या अमेरिकेतली आहे, हे मुलांना वेगळं सांगितलं. त्यांना ते समजलं. मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा लवकर.

"मुलगी का नाही?" याला उत्तर तयार होतं. एका वेताळाच्या बहिणीनं, ज्युलीनं, त्याच्या जागी तो वेश चढवला होता. भाचीनं तो अंक शोधायला दोन्ही गठ्ठे पालथे घातले. नाही सापडला. येत्या रविवारी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत बघायला जाणार आहोत.

शेवटच्या शनिवारी सगळ्यात धाकटा आला तो हातावर बॉलपेननं खुणा काढूनच. उजव्या मुठीवर कवटी. डाव्या मुठीवर एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी, रक्षणाची खूण. या खुणांच्या दोन अंगठ्या वेताळ घालतो; कुठली कोणत्या हातात, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.