तेरा नंबरचं पान आणि मधले महिने

टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांच्या, कुठल्याही ग्रुपवर जा नाहीतर रील बघा, डेथचं कार्ड निघालं की वाचणारी बाई आधी गोड हसते आणि मग म्हणते, घाबरू नका हं, हे मरणाचं कार्ड नाही, हे नव्या सुरुवातीचं कार्ड आहे. मला हे वाक्य ऐकून ऐकून कंटाळा आलाय खरंच. पहिला अर्धा भाग बरोबर आहे, पत्त्यावरनं कोणाचं मरण सांगता येत नाही आणि आजारी माणसाच्या नावानं पत्ते टाकून "किती दिवस" सांगणारा कोणी भेटला तर तिथनं उठून या सरळ. पण नवी सुरुवात? त्या चित्रात कुठं दिसते तुम्हाला नवी सुरुवात? कार्ड हातात घेऊन जरा बघा की.

मी रायडर डेकबद्दल, म्हणजे त्या नावाच्या पत्त्यांच्या संचाबद्दल बोलतेय, १९०९ मध्ये लंडनला छापलेला, आर्थर वेट या लेखकाच्या सांगण्यावरनं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईंनी काढलेला, बाजारात आज जे डेक मिळतात त्यातले कितीतरी त्याच चित्रांची नक्कल असतात. त्यात तेरा नंबरला काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, हातात काळं निशाण, निशाणावर पांढरं गुलाब. खाली राजा आडवा, मुकुट बाजूला पडलाय. पिवळ्या झग्यातला बिशप हात जोडून उभा, एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसून तोंड फिरवून घेतलेली, आणि एक लहान पोर, तेवढंच काय ते घोड्याकडं नीट बघतंय. मागं नदी, नदीत नाव, आणि पार लांब दोन बुरुजांच्या मधे सूर्य.

आता तो सूर्य उगवतोय का मावळतोय यावर लोक तासन्‌तास भांडतात. भांडू देत. मला एवढंच दिसतं की सूर्य नदीच्या पलीकडं आहे आणि घोडा अजून अलीकडंच आहे. आणि राजा मेलाय. "ट्रान्सफॉर्मेशन" वगैरे म्हणून तो उठून बसत नाही.

गंमत बघा, तसलेच दोन बुरुज परत दिसतात ते मून या कार्डात, त्याचा नंबर अठरा. आणि सूर्याचं स्वतःचं कार्ड एकोणीस. म्हणजे तेराव्या पानावर लांबनं जे दिसतंय तिथं पोचायला मधे टेम्परन्स, डेव्हिल, टॉवर, स्टार आणि तो मून एवढं सगळं ओलांडायचं आहे. डेक लावणाऱ्यानं हे ठरवून केलं का नाही यात मी पडत नाही, पण क्रम तर समोर आहे. संपणं तेराला, उजाडणं एकोणीसला. आणि आम्ही वाचणारे काय करतो, तेराच्या पाठीला एकोणीस चिकटवून मोकळे.

माझं म्हणणं एवढंच आहे की संपणं आणि सुरू होणं यांच्या मधे एक रिकामा काळ असतो आणि रीडिंगमधला खरा जीव त्यातच असतो. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही, हे आमच्याकडं सौंदत्तीला बघायला मिळतं. यल्लम्मा देवी आमच्याच बेळगाव जिल्ह्यातली, घरोघरी तिचा जग (डोक्यावर घ्यायची टोपलीतली देवी), परडी, सगळं असतं. मार्गशीर्षातल्या पुनवेला तिचे नवरे जमदग्नी गेले म्हणून देवीच्या बांगड्या उतरतात, ती रांडाव पुनव. आणि परत चुडा भरतात तो माघातल्या पुनवेला, ती अहेव पुनव, शेजारच्या कानडी अक्का मुत्तैदे हुण्णिमे म्हणतात. मधे दोन महिने. प्रत्यक्ष देवी आहे, तिला कोण अडवणार होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी भरला असता चुडा. पण नाही. दोन महिने तिचेसुद्धा चुकत नाहीत. माझी आत्ती दरवर्षी माघात जायची डोंगरावर आणि मार्गशीर्षातली पुनव आली की घरात लग्नाबिग्नाचा विषय काढू द्यायची नाही, म्हणायची, "आत्ता नको, आत्ता देवीचं तसं चालू हाय." झालं. एवढंच स्पष्टीकरण. (या पुनवेच्या नावावर देवाला सोडलेल्या बायकांचं जे काही होत आलं त्याची बाजू मी अजिबात घेत नाही, कर्नाटकात १९८२ ला देवदासी बंदीचा कायदा उगाच नाही करावा लागला. मी फक्त त्या मधल्या दोन महिन्यांबद्दल बोलतेय.)

आणि पांढऱ्या घोड्याचं म्हणाल तर त्याचीही आपल्याला दचकायची गरज नाही. इथनं चंदगडकडनं आंबोली उतरलात की सावंतवाडी, तिथं राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, लाखेचं काम. दशावतारी गंजिफात प्रत्येक अवताराची बारा पानं, एकूण एकशे वीस, आणि दहावा कोण तर कल्की, पांढऱ्या घोड्याचा, हातात तलवार, कलियुग संपवायला येणारा. टॅरोसुद्धा मुळात खेळायचेच पत्ते, पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झालेले, भविष्य बघायला वापरायची टूम निघाली ती फार नंतर, अठराव्या शतकात फ्रान्सात. फरक इतकाच की आमचा घोडा अवतारांच्या रांगेत शेवटी येतो आणि त्यांचा मधेच, बावीस मोठ्या कार्डांच्या जवळजवळ अर्ध्यात. मला त्यांचं मधे असणं पटतं. माणसाच्या जन्मात युग एकदाच संपत नाही.

बरं, संपण्याचं कार्ड एकटं डेथच आहे असं नाही आणि इथं लोक फार घोळ घालतात, सगळ्यांना एकाच सुरात वाचतात. टॉवर म्हणजे वीज पडली, वरचा मुकुट उडाला, माणसं खाली डोक्यावर. तिथं कोणाला विचारलेलं नसतं. डेथचा घोडा तरी चालत येतो, टॉवरला तेवढी पण उसंत नाही. टेन ऑफ स्वॉर्ड्‌स बघून सगळ्यात जास्त किंकाळ्या, पाठीत दहा तलवारी घुसलेला माणूस पालथा पडलेला, पण मला ते कार्ड आलं की उलट बरं वाटतं, कारण ते झालेलं असतं, अकरावी तलवार नाही, आणि वरचं काळं आभाळ संपतं तिथं खाली पिवळी पट्टी आहे. वर्ल्ड म्हणजे काम पुरं होऊन संपलं, त्याला संपणं म्हणायला लोक तयारच नसतात, पण रिटायर होणाऱ्या माणसाला वर्ल्ड आलं आणि "वा वा, यश" म्हणून सोडून दिलं तर त्याचं अर्धं दुखणं तुम्ही ऐकलंच नाही.

आणि एट ऑफ कप्स. हे माझं आवडतं. आठ पेले नीट रचून ठेवलेत, फुटलेले नाहीत, सांडलेले नाहीत, आणि लाल कपड्यातला माणूस काठी घेऊन पाठ करून डोंगराकडं चाललाय, वरनं चंद्र बघतोय. त्याला कोणी हाकललेलं नाही. स्वतः निघालाय.

वडगावच्या एका नात्यातल्या वहिनींना हे कार्ड आलं होतं. घरचे माग, आधी हातमाग मग पॉवरलूम, सासऱ्यांपासनचं काम, साड्यांना गिऱ्हाईक आहे पण हातात काही उरत नाही अशी गत. माग काढून टाकायचे हे नवराबायकोचं आतल्या आत ठरलेलंच होतं, मला फक्त "पुढं काय" विचारायला आलेल्या. तीन पत्ते काढले. पहिला एट ऑफ कप्स, दुसरा टेम्परन्स, तिसरा फूल. फूल म्हणजे इंग्रजीतला फूल, येडा, तो शून्य नंबरचा पोरगा, कड्याच्या टोकावर, खांद्यावर गाठोडं, पायाशी कुत्रं. वहिनींनी मधलं पान बघितलंच नाही, बोट थेट तिसऱ्यावर.

"म्हणजे पार्लर टाकू म्हणालंय काय गं हे?"

मी म्हटलं, वहिनी ते नंतर, आधी हे मधलं बघा. टेम्परन्स म्हणजे एक देवदूत, एक पाय पाण्यात एक काठावर, या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओततोय. हे कार्ड लोकांना बोअर वाटतं कारण त्यात काही घडत नाही. पण डेथनंतरचं पान हेच, चौदावं. ओतायचं, मापायचं, परत ओतायचं. मी विचारलं, सूत किती उरलंय? व्यापाऱ्याकडनं येणं किती? विणणाऱ्यांची मजुरी? बँकेचं? मामांना सांगितलंय का?

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलेलं नव्हतं. तिथनं पुढचं सगळं बोलणं त्यावरच झालं, पार्लर राहिलं बाजूला. फूलवर मी शेवटी एवढंच म्हटलं की या पोराचं गाठोडं बघा किती लहान आहे, उरलेलं सूत आणि उधारी घेऊन याला कड्यावर उभं राहता येणार नाही. वहिनी जरा रागावल्या. "तू तर हिशोबच विचारालीस गं, पत्ते कधी बघणार?" त्यांचं पण चुकीचं नाही, माणूस पत्ते बघायला येतो ते कोणीतरी पुढचं उजेडाचं सांगावं म्हणूनच येतो.

सुरुवातीची जी कार्डं असतात, एक्के, त्यांच्याबद्दल पण एक बघून ठेवा. चारही एक्क्यांत ढगातनं एक हात आलाय आणि काठी, पेला, तलवार नाहीतर नाणं पुढं धरलंय. घेणारा माणूस कुठल्याच एक्क्यात नाही. म्हणून एक्का आला की मी "मिळणार" म्हणत नाही, "समोर आलंय" म्हणते. घ्यायला हात मोकळा पाहिजे, आणि तो मोकळा आहे का नाही हे एक्का सांगत नाही, त्याच्या अलीकडचं पान सांगतं.

डेथ उलटं, म्हणजे डोकं खाली होऊन, आलं तर काय, हे कायम विचारतात. काही जण उलटी पानं वाचतच नाहीत, मी वाचते. उलटं डेथ मला सुलट्यापेक्षा जड वाटतं, घोडा दारात थांबलाय आणि घरातली माणसं दार उघडेनात. ज्या नोकरीत मन नाही त्या नोकरीचं कार्ड, ज्या जागेच्या केसमध्ये दोघं भाऊ म्हातारे झाले त्या केसचं कार्ड. आमच्या भागात तर "संपलं" हा शब्द काढणं फार अवघड आहे बाबा, १९५६ पासून आम्ही सीमाभाग आहोत आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहोत, त्यावर पत्ते टाक म्हणणारे काका लोक पण मला भेटलेत, मी टाकत नाही, मला गावात राहायचंय.

तर संपण्या-सुरू होण्याचा प्रश्न घेऊन कोणी आलं की मी आता तीनच पानं काढते आणि मधलं आधी उलगडते. ते मोठं कार्ड, म्हणजे त्या बावीसातलं, निघालं तर मधला काळ लांबतो असं धरते, लहान निघालं तर त्याच्यातल्या कामाबद्दल बोलते, कप्स म्हणजे पेले असतील तर रडू बाकी आहे, पेंटॅकल्स म्हणजे नाणी असतील तर पैशाचं, स्वॉर्ड्‌स असतील तर कोणाला तरी तोंडावर बोलायचं राहिलंय, वॉन्ड्‌स म्हणजे काठ्या असतील तर माणूस घाई करतोय. तारीख देत नाही. आणि तिसऱ्या जागी परत डेथ किंवा टॉवर निघालं, निघतं बरं का कधीकधी, तर पहिलं अजून नीट संपलेलं नाही असं समजून तिसरं पान पालथं ठेवते आणि दुसऱ्यावरच बोलत बसते. पैसे तेवढेच घेते.