सायकलच्या आरशाचा लॉग: बार-एंड, हेल्मेट आणि मधली सगळी खटपट

आत्ता कुठपर्यंत आलोय ते आधी सांगतो. रोजच्या फ्लॅट बार (सरळ हँडलच्या) सायकलला हँडलच्या टोकात बसणारा बहिर्गोल, म्हणजे फुगीर आरसा (यालाच बार-एंड म्हणतात), आणि लांबच्या राइडला हेल्मेटवर लावायचा छोटा सपाट आरसा, असे दोन पक्के झालेत. मध्ये एक पट्ट्याने हँडलला आवळायचा आणि एक चष्म्याच्या काडीला अडकवायचा असे दोन येऊन गेले. त्यांच्याबद्दलही लिहितो कारण ज्यांची गरज वेगळी आहे त्यांना कदाचित तेच बरे पडतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी माझ्या मते बाकी सगळ्या चर्चेपेक्षा महत्त्वाची आहे. आरसा नुसता केवढा आहे यावरून काही कळत नाही, तो डोळ्यापासून किती लांब आहे आणि किती फुगीर आहे हे बघायचं. सपाट आरसा आपल्या डोळ्याला जेवढ्या कोनात दिसतो तेवढ्याच कोनातलं मागचं त्यात दिसतं, जास्त नाही. हँडलवरचा ७ सेंमीचा सपाट आरसा डोळ्यापासून साधारण ७० सेंमीवर असतो, म्हणजे जेमतेम ६ अंश. ३० मीटर मागे बघितलं तर ही पट्टी जेमतेम ३ मीटर रुंद, म्हणजे एका लेनएवढी, आणि डोकं जरासं हललं की रस्ता गेला आणि झाडं आली. आता तोच हिशोब हेल्मेटच्या आरशाला लावा. ५ सेंमीचा आरसा डोळ्यापासून १० सेंमीवर, म्हणजे जवळजवळ २८ अंश. तिरका बसवलेला असल्यामुळे थोडं कमी होतं पण तरी हँडलवरच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तेही काहीच लहान न होता. दिसायला एवढासा आरसा आणि त्यात अख्खा रस्ता कसा मावतो याचं उत्तर एवढंच आहे.

मग हँडलवर रुंद दिसायला हवं असेल तर आरसा फुगीर घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत मागची गाडी लहान दिसण्यात मोजावी लागते. ३०० मिमी वक्रता त्रिज्येचा (हा आकडा जितका लहान तितका आरसा जास्त फुगीर) तेवढाच आरसा ७० सेंमीवर धरला तर ६ अंशांचे ३२ अंश होतात, पण गाडी सपाट आरशात दिसली असती त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढीच दिसते. ६०० मिमीचा घेतला तर १९ अंश मिळतात आणि गाडी एक तृतीयांशाच्या आसपास. रुंदी जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने चित्र बारीक होतं, यात कुठलीही कंपनी काही जादू करू शकत नाही, त्यामुळे पाकिटावर ‘अल्ट्रा वाइड’ लिहिलं असेल तर ते ‘अल्ट्रा बारीक’ असंही वाचायचं.

त्रिज्या बऱ्याच पाकिटांवर लिहिलेलीच नसते. ती नसली तर सोपा उपाय: आरसा घरातल्या मोठ्या सपाट आरशाशेजारी धरा, दोन्ही डोळ्यापासून हँडलएवढ्या अंतरावर ठेवा, आणि मागची एकच लांबची वस्तू दोन्हीत बघा. किती पटीने लहान होतेय ते लगेच कळतं. तिप्पट-चौपटपर्यंत मला चालतं, त्यापलीकडे मोकळ्या रस्त्यावर मागून येणारी गाडी म्हणजे नुसता एक ठिपका आणि हँडल थरथरत असेल तर तोही नाही. गर्दीत मात्र उलट, तिथे गाड्या जवळच असतात आणि वेग कमी, तिथे रुंद आरसा खरंच कामाचा. म्हणूनच माझे दोन आरसे झाले.

चष्मेवाल्यांसाठी, खास करून ज्यांना जवळचं वाचायला चष्मा लागायला लागलाय त्यांच्यासाठी एक मुद्दा, हा मला फार उशिरा कळला आणि कुणी सांगतही नाही. सपाट आरशात लांबची गाडी डोळ्यासाठी लांबच असते, त्यामुळे आरसा डोळ्याजवळ असला तरी डोळ्याला जवळचा फोकस करावा लागत नाही. बहिर्गोल आरशात तसं नाही, त्यात प्रतिमा आरशाच्या थोडीशीच मागे तयार होते, म्हणजे ३०० मिमी त्रिज्येच्या आरशात ती डोळ्यापासून ८५ सेंमीवर. समोर लांबचा रस्ता बघत असताना पटकन ८५ सेंमीवर फोकस आणायचा आणि परत लांब न्यायचा, हे चाळिशीनंतरच्या डोळ्याला जड जातं. ज्यांना बार-एंड आरशात ‘सगळं पुसट दिसतं’ असं वाटतं त्यांनी आरसा बदलायच्या आधी हेल्मेटवाला सपाट आरसा कुणाचा तरी मागून एकदा वापरून बघा.

आता बसवण्याबद्दल. बाजू कुठली तर ज्या बाजूने गाड्या ओव्हरटेक करतात ती, म्हणजे रस्त्याच्या डावीकडून चालवायची पद्धत असेल तर आरसा उजवीकडे, उजवीकडून असेल तर डावीकडे. बार-एंडवाले बरेचसे दोन्हीकडे चालतात पण हेल्मेटचे आणि चष्म्याचे काही आरसे एकाच बाजूसाठी बनवलेले असतात, घेताना नीट बघा.

बार-एंडमध्ये सगळा खेळ हँडलच्या आतल्या भोकाचा. बाहेरचं माप ठरलेलं असतं, फ्लॅट बारला ग्रिपच्या जागी २२.२ मिमी आणि ड्रॉप बारला (खाली वळलेलं रेसिंग सायकलचं हँडल) २३.८ मिमी, पण आतलं माप नळीची भिंत किती जाड आहे त्यावर जातं. त्यामुळे मित्राच्या सायकलला बसला म्हणून आपल्याला बसेलच असं नाही. व्हर्नियर कॅलिपरने एकदा आतून मोजून घ्या, आरशाच्या प्लगची (भोकात जाणारा भाग) कमीतकमी आणि जास्तीत जास्त रेंज बघा. किंचित सैल बसत असेल तर जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळली की घट्ट बसतो, मी तेच केलंय आणि अजून हलला नाहीये. रबरी ग्रिप टोकाला बंद असेल तर ब्लेडने गोल कापावी लागते, ड्रॉप बारला टेपचं टोक आत दुमडून प्लगने दाबायचं. हँडल कार्बनचं असेल तर फुगून बसणाऱ्या प्लगपासून लांबच राहा किंवा हँडल बनवणारा काय म्हणतो ते आधी वाचा, आतून जास्त ताण दिला तर कार्बनला तडा जाऊ शकतो आणि तो बाहेरून टेपखाली दिसणारही नाही. आणि एक, आरशाचा सांधा सारखा सैल होतो म्हणून त्यावर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) ओतायचा मोह होतो, प्लास्टिकच्या सांध्यावर तो लावू नका, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होऊन चिरतं.

पट्ट्याने आवळायचा आरसा का काढला? थरथर. त्याची दांडी लांब होती आणि दांडी जितकी लांब तितका टोकाचा आरसा जास्त नाचतो, गुळगुळीत डांबरावर ठीक पण जरा खडबडीत रस्ता आला की गाडी आहे की टँकर हेही ओळखू येईना. ही अडचण जुनीच आहे बरं का. १९११ मध्ये पहिली इंडियानापोलिस ५०० शर्यत रे हॅरून जिंकला, त्याच्या मार्मन वास्प गाडीवर मागचं बघायला आरसा लावलेला होता कारण बाकीच्यांसारखा मागचं सांगायला शेजारी मेकॅनिक बसवलेला नव्हता. विटांच्या ट्रॅकवर तो आरसा इतका हलायचा की त्यात फारसं काही दिसायचंच नाही असं त्याने नंतर सांगितलं. शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली, उपाय तोच: दांडी आखूड, सांधा घट्ट, आरसा हलका. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तरी फरक पडतो. तरीही त्या पट्टावाल्याचा एक फायदा मान्य करायला हवा, विनाऔजार दोन मिनिटांत एका सायकलवरून काढून दुसऱ्या सायकलला लागतो, भाड्याची किंवा फोल्डिंग सायकल वापरणाऱ्यांना तोच सोयीचा.

काच की अ‍ॅक्रिलिक हा वाद मी थोडक्यात संपवतो. काच जास्त स्वच्छ दिसते पण सायकल आडवी पडली की गेली. अ‍ॅक्रिलिक फुटत नाही पण कोरड्या फडक्याने पुसलं की चरे पडतात, आधी पाणी मारा मग पुसा.

सेटिंग करताना सायकल भिंतीला टेकवून किंवा कुणाला तरी धरायला लावून आपण जसे चालवताना बसतो तसंच बसायचं, हात नेहमीच्या जागी, नजर समोर. बाजूला उभं राहून सेट केलेला आरसा रस्त्यावर आकाशच दाखवतो. क्षितिज आरशाच्या मध्यापेक्षा थोडं वर ठेवतो, मला रस्ता जास्त हवा असतो. हँडलवरच्या आरशात आतल्या कडेला स्वतःच्या कोपराची किंवा दंडाची एक बारीकशी कड मुद्दाम दिसू देतो, ती दिसली की आरसा हललेला नाही हे कळतं आणि गाडी माझ्या मागे आहे की बाजूच्या लेनमध्ये हेही त्या कडेवरून ठरवता येतं. ड्रॉप बारवाल्यांनी हूडवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर) हात ठेवून सेट करा कारण जास्त वेळ तिथेच जातो, खाली वाकल्यावर बार-एंड आरशातलं चित्र बदलणार आणि बऱ्याचदा स्वतःचा हातच मध्ये येणार. मला ते सारखं खटकायचं, म्हणूनच माझ्या ड्रॉप बार सायकलला हेल्मेटवाला घेतला.

हेल्मेटच्या आरशाची सवय व्हायला वेळ लागतो, आधीच सांगतो. पहिल्या काही राइडला एका डोळ्याला समोरचं आणि त्याच डोळ्याच्या कोपऱ्यात मागचं असं दोन्ही येतं आणि डोकं जड होतं. शांत रस्त्यावर सुरुवात करा. एकदा जमलं की मग मजा आहे, कारण आरसा डोक्याबरोबर फिरतो, मान किंचित वळवली की मागचा रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाळून घेता येतो, वळणावर तर हँडलचा आरसा भलतीकडेच बघत असतो तेव्हा हा हवा तिथे बघतो. चष्म्याच्या काडीवरचा आरसाही याच जातीचा आणि आणखी रुंद दिसतो, पण माझ्या चष्म्याची काडी त्याच्या वजनाने एका बाजूला कलायची. जाड काडीचा गॉगल असेल तर खुशाल घ्या. दोन्हींत एक बघा, पडलो तर आरसा सहज सुटून यायला हवा, डोळ्यासमोर कडक तार नको.

वापरण्याचं म्हणाल तर आरसा लावल्यावर लगेच काही अंतराचा अंदाज येत नाही, बहिर्गोल असेल तर अजिबातच नाही, सगळ्या गाड्या आहेत त्यापेक्षा लांब वाटतात. मी केलेला सराव असा: आरशात गाडी एका ठरावीक आकाराची दिसली, समजा आरशाच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, की मनात आकडे मोजायला सुरुवात करायची आणि ती शेजारून निघून गेली की थांबायचं. मी २० च्या स्पीडला, गाडी ६० ला, म्हणजे ती ताशी ४० किमीने जवळ येते, सेकंदाला ११ मीटर. १०० मीटरवर दिसली तर हातात ९ सेकंद आहेत. हे ९ सेकंद केवढे असतात ते एकदा अंगात मुरलं की खड्डा चुकवायला आत्ता बाहेर यायचं की ती गाडी जाऊ द्यायची हा निर्णय आपोआप होतो. नजर आरशात क्षणभरच टाकायची, टक लावायची नाही, आणि समोरून ट्रक येत असेल, पुढे रस्ता अरुंद होत असेल, उभी गाडी असेल तर त्याच्या आधी टाकायची. दोन्हीकडून एकाच वेळी गाड्या आणि मध्ये आपण असं होणार असेल तर ते आधीच कळतं, हा माझ्यासाठी आरशाचा सगळ्यात मोठा फायदा.

पण लेन बदलताना किंवा वळताना खांद्यावरून मागे वळून बघणं सोडायचं नाही म्हणजे नाही. अगदी शेजारी आलेली बाइक कुठल्याच आरशात दिसत नाही. शिवाय आपण वळून बघितलं की मागच्या ड्रायव्हरलाही कळतं की हा आता काहीतरी करणार आहे, आरशात बघितलेलं त्याला कळत नाही. माझा क्रम आरसा, मग मान, मग हात दाखवणं, मग वळणं.

रात्री आरशाची कामगिरी निम्म्यावर येते. नुसते दोन दिवे दिसतात, एकच दिवा दिसला तर बाइक की एक दिवा गेलेली गाडी ते समजत नाही, अंतर तर सोडाच. सूर्य पाठीमागे खाली असेल तरी तेच, आरसा थोडा खाली वळवून घ्यावा लागतो. पावसात हेल्मेटचा आरसा बोटाने पुसता येतो, बार-एंडवर रस्त्याचा चिखल उडतो.

सायकलच्या मागे लावायच्या, मागून गाडी येतेय हे सांगणाऱ्या रडारबद्दल विचारणारे बरेच असतात. गार्मिनचा व्हेरिया रडार १४० मीटर मागपर्यंतची गाडी ओळखतो आणि एका मित्राच्या सायकलवर वापरलाय, छान आहे, वाऱ्याच्या आवाजात इलेक्ट्रिक गाडी ऐकूच येत नाही तिथे तर फारच. पण तो गाडी येतेय एवढं सांगतो, ती गाडी मला जागा सोडून येतेय की चिकटून येतेय हे आरशातच दिसतं. दोन्ही असतील तर रडार वाजल्यावर आरशात बघायचं, अशी जोडी मस्त जमते. एकच घ्यायचं असेल तर मी आरसा घेईन, त्याला चार्जिंग नाही.

ग्रुप राइडला आणखी एक उपयोग, चढावर कोण मागे पडलं ते न थांबता दिसतं.

पुढचं काम म्हणजे रोजच्या सायकलवरचा बार-एंड आरसा बदलून ६०० मिमीच्या जवळपासचा कमी फुगीर आरसा लावून बघायचाय, आत्ताचा बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर फारच बारीक दाखवतो. कुणी अशा मापाचा फ्लॅट बारला वापरत असेल तर प्लगचं माप आणि दांडीची लांबी सांगा, आणि खडबडीत रस्त्यावर किती हलतो तेही.